एक चौकोन जास्त

१

"अकरा घाव. आणि एकातूनही म्हणावं तसं रक्त आलेलं नाही," शवागाराच्या डॉक्टर म्हणाल्या. "आता बोल."

सिस्टर काय बोलणार? टेबलावर होतं त्याला चेहरा म्हणायचं ते निव्वळ जागेवरून. नाक गालात गेलेलं, कपाळाला खळगा, दात घशात. बॉक्सिंग क्लबचे हे उस्ताद बुधवारी सकाळी सात वाजता व्यायामाच्या हॉलमध्ये सापडले. शेजारी उड्या मारायची दोरी, पलीकडे तीन-तीन किलोचे दोन लोखंडी डंबेल्स. डंबेल्स धुऊन पुसून मांडणीवर ठेवलेले, पण खाचांमधलं लाल धुतलं गेलं नव्हतं.

"जिवंत माणसाचं तोंड असं फोडलं तर भिंती रंगतात," डॉक्टर म्हणाल्या. "इथे घावांच्या कडा कोरड्या. पहिला घाव पडला तेव्हा रक्त फिरायचं थांबून अर्धा तास तरी झाला होता. आणि ते का थांबलं, ते या ताटलीत आहे. म्हणून तुला बोलावलं."

ताटलीत उस्तादांचं हृदय होतं. साडेपाचशे ग्रॅम. मोठ्या माणसाचं साडेतीनशेच्या आत असतं. मधला पडदा दोन बोटं जाड. सिस्टरला सूक्ष्मदर्शकात डोकवायची गरज नव्हती, तरी तिनं डोकावलं. निरोगी हृदयाच्या स्नायूचे तंतू विंचरल्यासारखे एका दिशेनं असतात. इथे झोपेतून उठलेल्या पोराच्या केसांसारखा गुंता होता. अशा गुंत्यात विजेचा ठोका वाट चुकतो, हृदय नुसतंच थरथरतं, आणि दोरीवरच्या उड्या मारणारा धडधाकट माणूस खाली पडेपर्यंत संपलेला असतो.

हा आजार रक्तातून येतो. आईबापांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला येण्याची शक्यता निम्मी. हृदयविभागात सिस्टरचं काम तेच, अशा घराण्यांच्या वंशावळी काढणं. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, मेलेल्यावर तिरकी रेघ. आजार असेल तर आतून काळं करायचं. नावं लिहायची नाहीत, वय पुरे, हा तिचा नियम. घरच्यांची नावं कागदावर आली की माणसं घाबरतात, तोंड मिटतात.

"म्हणजे खून नाहीच हा," ती म्हणाली.

"नाही. पण मेलेल्या माणसाला अकरा वेळा मारायला कोण जातं?"

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन वाजला. फौजदार होते. आवाज एवढा मोठा, की सिस्टरलाही ऐकू आला. "खुनी सापडला, बाई! कबूलही झाला. दोन तास लागले फक्त."

२

घरच्यांना बोलावलं ते गुरुवारी. उस्तादांच्या बायकोला उठवत नव्हतं. आले ते दोघंच, उस्तादांचे मोठे भाऊ, ज्यांना क्लबात सगळे थोरले म्हणत, आणि छोट्या. छोट्या नावाचाच छोटा. सहा फूट, मान बैलाची, वय एकवीस. शनिवारी दुपारी चारला त्याचा अंतिम सामना होता.

थोरल्यांना तपासणीसाठी शर्ट काढता येईना. उजवा खांदा दोन वर्षांपासून धरलेला. सिस्टरनं लहान मुलाचा काढावा तसा त्यांचा शर्ट काढला. "आमच्याकडे दोन वर्षांची आहे," ती म्हणाली, "ती याहून जास्त भांडते." थोरले कसंनुसं हसले. तिलाही सकाळचं आठवून हसू आलं. सकाळी निघताना लेकीनं तिला दारात अडवून ठेवलं होतं, "छूनबाई, जाऊ नको." सासूबाई 'सूनबाई' म्हणतात, म्हणून पोरगीही आईला छूनबाईच म्हणते. घरात सगळे हसतात, सुधारत कोणी नाही.

थोरल्यांचं हृदय एकसष्टाव्या वर्षीही स्वच्छ होतं. मग तिनं छोट्याला समोर घेतलं. पेन्सिल, कोरा कागद.

"उस्ताद तुझे कोण?"

"काका."

"आणि हे थोरले?"

"बाबा."

चौकोन, चौकोन, खाली रेघ, चौकोन. "पोरगा छान तयार केलात हो," ती थोरल्यांना म्हणाली.

"आमच्या घरात माझं-तुझं नाही, सिस्टर," थोरले डोळे पुसत म्हणाले. "माझाच आहे तो." आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

"काकांना मुलंबाळं?"

छोट्या तिच्या पेन्सिलीच्या टोकाकडे बघत होता. "एक मुलगा."

"कुठे असतो?"

"असतो इथंच. काकांशी त्याचं पटायचं नाही. बोलावलंत तरी यायचा नाही तो."

"वय?"

"माझ्याच वयाचा."

सिस्टरनं उस्तादांच्या चौकोनाखाली आणखी एक चौकोन काढला, आत प्रश्नचिन्ह. या आजारात तपासणी पायरीपायरीनं होते. आधी भाऊ, बहीण, मुलं. भाऊ निर्दोष निघाला की त्याच्या खालची फांदी सोडून द्यायची. छोट्याची फांदी सुटली होती.

"तेवढं लिहून द्याल का?" छोट्यानं विचारलं. "माझ्या तपासणीची गरज नाही म्हणून. सामन्याचे डॉक्टर मागतील."

तिनं लिहून दिलं, खाली सही केली. तो गेल्यावर प्रश्नचिन्हाच्या चौकोनाजवळ 'ताबडतोब बोलावणे' असं लिहिलं आणि दोनदा खालून रेघ ओढली. बापाशी न पटणारा, बोलावलं तरी न येणारा मुलगा. कुठेतरी तो पळत असेल, जिने चढत असेल, भांडत असेल. आणि छातीत कदाचित तोच गुंता.

मग तिच्या मनात दुसराच विचार आला. बापाच्या तोंडावर अकरा घाव घालण्याइतकं पटत नव्हतं का?

३

गुरुवारी संध्याकाळी शवागाराच्या डॉक्टरांचा कागद घेऊन सिस्टर ठाण्यावर गेली. कोठडीत होता तो डावरा, क्लबातलाच बॉक्सर. डाव्या हाताचा ठोसा म्हणजे तोफ, म्हणून हे नाव. त्याचा डावा डोळा बंद झालेला, खालचा ओठ फाटलेला, आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये.

"प्लास्टर आम्ही नाही घातलं हां," फौजदार घाईनं म्हणाले. "ते आधीचं."

"मंगळवारी संध्याकाळी," डावरा म्हणाला. बोलताना ओठातून थेंब गळत होते. "उस्तादांनी मला संघातून काढलं. मी ठोसा टाकला. म्हातारा वाकला, मी लोखंडी खांबावर. तीन हाडं. दवाखान्यातही तेच घेऊन गेले मला. रांगेत शेजारी बसून शिव्या देत होते."

"मग कबूल कशाला झालास?"

डावऱ्यानं एका डोळ्यानं फौजदारांकडे पाहिलं. "तुम्हाला कधी तळव्यांवर मारलंय का, सिस्टर?"

"नाटकं आहेत," फौजदार म्हणाले. "उजवा हात आहे ना शाबूत? मारायला एक पुरतो."

सिस्टरनं पिशवीतून शवागाराच्या डॉक्टरांचा कागद काढला. त्यावर कवटीचं चित्र होतं. "काचेला दगड लागला की तडा जातो ना? दुसरा दगड मारला, की त्याचा तडा पहिल्यापाशी येऊन थांबतो. पुढे जायला अखंड काच उरत नाही. हाडाचंही तसंच. कोणता तडा कोणापाशी थांबलाय ते बघत गेलं की घावांचा क्रम लागतो. डॉक्टरांनी लावलाय. उजवीकडून, डावीकडून, उजवीकडून, डावीकडून. अकरापर्यंत. पडलेल्या माणसाला दगडानं ठेचणारा हात बदलत बसत नाही, फौजदारसाहेब. दोन्ही हातांत डंबेल होते आणि दोन्ही हात शिकलेले होते."

फौजदारांनी कागद उलटा धरून पाहिला, मग सरळ. "मग ते मोठे बंधू? प्रेत त्यांनीच पाहिलं पहिल्यांदा."

"त्यांना स्वतःचा शर्ट काढता येत नाही."

"मग पुतण्या."

"हो," सिस्टर म्हणाली. हॉलच्या किल्ल्या असलेल्या तिघांत हात फक्त छोट्याचेच जुळत होते. शुक्रवारभर ती तेच घोळवत राहिली. मारणाऱ्याला चेहरा फोडायचा नव्हता, हृदय झाकायचं होतं. फुटकं डोकं दिसलं की छाती कोण उघडतो, असा त्याचा हिशेब. पण छोट्यानं काकाचं हृदय झाकायचं कारण काय? काकाचा आजार त्याच्या फांदीवर येतच नव्हता, तसं तिनंच लिहून दिलं होतं. हृदय झाकून फायदा होणार तो एकाचाच, काकाच्या मुलाचा. आणि त्या मुलाला अजून कोणी पाहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी तीन वाजता ती त्याला शोधायला उस्तादांच्या घरी गेली.

४

तिसऱ्या मजल्यावर, दार उघडंच होतं. उस्तादांची बायको जमिनीवर बसून हाताला बांधायच्या लांब पट्ट्या गुंडाळत होती. सात-आठ गुंडाळ्या शेजारी तयार, ती नववी करत होती. भिंतीवर, छताखाली आमटीचा ताजा डाग होता, कोणीतरी भांडं भिरकावल्यासारखा.

"काकू," सिस्टर म्हणाली, "मला तुमच्या मुलाला भेटायचंय. कुठे असतो तो?"

"कुठे म्हणजे? आज त्याचा सामना नाही का? चार वाजता."

"सामना छोट्याचा आहे."

"मग मी कोणाचं सांगतेय?"

पट्टी बाईंच्या हातातून सुटून उलगडत सिस्टरच्या पायाशी आली.

"पण तो... उस्तादांना काका म्हणतो."

"मलाही काकूच म्हणतो, पोटचा असून. घरात तेव्हा थोरल्या जाऊबाईंची चार पोरं, आता सगळी परगावी. ती यांना काका म्हणायची, मला काकू, थोरल्यांना बाबा. यानंही तेच उचललं. लहानपणी गंमत वाटायची, मग सुधारायचं राहूनच गेलं." बाईंनी पट्टी परत ओढली. "तुम्हाला नवल वाटतंय होय? भरल्या घरात असंच असतं."

सिस्टरला नवल वाटत नव्हतं. तिच्या स्वतःच्या घरात एक पोरगी आईला छूनबाई म्हणत होती आणि ही शहाणी परक्याच्या घराची वंशावळ काढताना 'काका' ऐकून काकाच लिहून मोकळी झाली होती! कागदावर दोन चौकोन होते, घरात पोरगा एकच. 'पटायचं नाही', 'बोलावलंत तरी यायचा नाही', 'माझ्याच वयाचा'. एकही शब्द खोटा बोलला नव्हता तो. फक्त तिची पेन्सिल चुकतेय हे बघितलं, आणि चुकू दिलं.

"काकू, हा डाग?"

"मंगळवारचा. हे मागच्या आठवड्यात दोनदा चक्कर येऊन पडले, तेव्हा कुठल्याशा मोठ्या दवाखान्यात जाऊन आले. मंगळवारी जेवताना त्याला म्हणाले, 'माझं हृदय खराब आहे, तुझंही असणार. तपासल्याशिवाय शनिवारी उतरायचं नाही.' त्यानं आमटीचं पातेलं भिरकावलं. हे ताटावरून उठले. सकाळी अंधारातच हॉलवर गेले. त्यांच्या मागून तासाभरानं हा."

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं झाली होती. सामन्याच्या डॉक्टरांचा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. सिस्टर जिना तीन-तीन पायऱ्यांनी उतरली.

५

कपडे बदलायच्या खोलीत छोट्या एकटाच होता. बाहेर गर्दी पाय आपटत होती, भिंत हलत होती. तो खाली बघत हातमोज्यांत मुठी दाबत होता.

"काकांचा मुलगा सापडला मला," सिस्टर म्हणाली.

त्यानं मान वर केली नाही.

"बुधवारी सकाळी तू पोचलास तेव्हा ते पडलेले होते. हात लावलास, थंड होत चाललेले. तुझ्या लक्षात आलं, आता डॉक्टर विचारणार कशानं गेले, मग रक्ताच्या माणसांना तपासणार, मग तुला. म्हणून दोन्ही हातांत डंबेल घेतलेस. डावऱ्याचा हात मोडलेला, थोरल्यांचा खांदा धरलेला. उजवा-डावा, उजवा-डावा मारणारं तुम्हा तिघांत दुसरं कोणी नाही. आणि तुझी फांदी निर्दोष म्हणून मी तुला सोडलं, तेवढंच एक कोडं होतं. ते माझ्याच चुकीचं होतं."

"मेलेल्याला काय लागतं?" छोट्या म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मी विचारतोय, सिस्टर. काय लागतं? आयुष्यभर मला मारलं त्यांनी. पोटावर, बरगड्यांवर, झोपेतून उठवून. उभा राहा, म्हणायचे. आज उभा राहायची वेळ आली तर म्हणाले, बस खाली."

"आणि डावरा?"

"त्याचं नाव मी नाही घेतलं. फौजदारांनी घेतलं."

"तुझ्या छातीतही तेच असेल, छोट्या. निम्मी शक्यता आहे."

"मग निम्मी नसण्याचीही आहे ना!" तो उठला आणि ठोसा आला. तिच्या कानापासून चार बोटांवर लोखंडी कपाटाचं दार आत गेलं, कपाट भिंतीवर आपटलं, वरचे बूट खाली कोसळले. तिला ऐकू यायचं थांबलं. तो तिच्यावर वाकला होता, डोळे भरलेले, आणि ओठ हलत होते. ऐकू यायला लागलं तेव्हा शेवटचेच शब्द होते.

"...पहिल्या तीन घावांपर्यंत मी 'उठा' म्हणत होतो."

दार आपटून तो बाहेर गेला. बाहेर घंटा झाली.

६

सामन्याच्या डॉक्टरांनी खिशातून कागद काढून तिच्या तोंडासमोर धरला. "तपासणीची गरज नाही. ही सही कोणाची?"

"माझी. मी चुकले. थांबवा सामना."

"बाई, अंतिम सामना आहे! तुमच्या एका शब्दावर उतरवला, आता एका शब्दावर थांबवू? लेखी द्या."

पहिली फेरी संपली होती. छोट्यानं समोरच्याची भुवई फोडली होती. त्या पोराचा चेहरा अर्धा लाल, आणि छोट्याच्या हातमोज्यांवरून ते लाल दोराच्या कडेला बसलेल्यांवर उडत होतं. दुसऱ्या फेरीत तो सुटलाच. उजवा, डावा, उजवा, डावा. लोक उभे राहून आकडे ओरडत होते. सिस्टर त्या डॉक्टरांच्याच पाठीवर कागद ठेवून लिहीत होती. 'मी दिलेला दाखला चुकीचा आहे. मृत व्यक्ती या मुलाचा' इथपर्यंत आली आणि गर्दीचा आवाज मध्येच तुटला.

समोरच्या पोराचा हात अजून वर होता, लागला नव्हता. छोट्या उभ्याचा आडवा झाला होता. हात टेकायलाही उचलले गेले नव्हते, सरळ तोंडावर.

ती दोरांमधून आत शिरली. पंच आकडे मोजत होता, तिनं त्याला ढकललं. मानेला बोटं लावली. ठोका नव्हता. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून तिनं अंगातलं सगळं वजन टाकलं. तिसऱ्या दाबाला पहिली बरगडी मोडली. कट् असा आवाज. गर्दीतून कोणी ओरडलं, "मारतेय ती त्याला!" ती थांबली नाही. दुसरी बरगडी, तिसरी. त्याच्या तोंडातून फेस येत होता, तिच्या कपाळाचा घाम त्यात टपकत होता. "मशीन आणा!" ती किंचाळली. "शॉकचं मशीन! उभे काय राहिलात!"

डॉक्टर धावले. पट्ट्या चिकटल्या. छोट्याचं ते सहा फुटी अंग कोणी खालून लाथ मारावी तसं उडालं आणि आदळलं. पुन्हा दाब. पुन्हा उडालं. पुन्हा आदळलं.

मग त्यानं गिळल्यासारखं केलं. एकदा. आणि आत घेतलेला श्वास बाहेर येताना तो कण्हला, मोडलेल्या बरगड्यांमुळे.

"दुखतंय ना?" सिस्टर हुंदके देत म्हणाली. "दुखू दे. जिवंत आहेस म्हणून दुखतंय."

७

पडदा दोन बोटं जाड, बापासारखाच. सहाव्या दिवशी छोट्याच्या डाव्या कॉलरबोनखाली काडेपेटीएवढं यंत्र बसवलं. ठोका पुन्हा वाट चुकला तर ते आतूनच झटका देणार होतं. ठोसे मारायचं मात्र कायमचं संपलं.

डावऱ्याला सोडलं होतं. फौजदार आठव्या दिवशी वॉर्डात येऊन गेले, प्रेताची विटंबना आणि पुरावा नष्ट करणं, अशी कलमं सांगितली, आणि दाराशी हवालदार बसवला. जाताना सिस्टरला म्हणाले, "तळव्यांवरचं ते कागदावर येऊ देऊ नका हां, बाई." ती म्हणाली, "ते आधीच आलंय."

त्याच संध्याकाळी छोट्यानं आईला सगळं सांगितलं. स्वतःच. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, उठल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. छोट्या जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडायचं म्हटलं तर बरगड्या फिरू देत नव्हत्या, म्हणून छताकडे बघत पडून राहिला.

चौथ्या दिवशी सकाळी सिस्टर ड्रेसिंग बदलत होती आणि काकू दारात उभ्या राहिल्या. हवालदार आपण होऊन बाजूला झाला. त्या पलंगापाशी आल्या. पोराच्या तोंडाकडे पाहिलं नाही, छातीवरच्या टाक्यांकडे पाहिलं. मग सिस्टरकडे वळल्या.

"याला आता मारलं तर चालेल का?"

छोट्यानं डोळे मिटले, हात मात्र उचलला नाही. सिस्टरला बाईंच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस दिसला नाही. रुग्णाच्या आंघोळीबद्दल विचारावं, तसं त्यांनी विचारलं होतं.

"सहा आठवडे नाही," ती म्हणाली. "टाके ओले आहेत. आतली तार हलेल."

"सहा आठवडे."

"हो."

काकूंनी स्टूल ओढलं, पदर खोचला.

"बसते मग," त्या म्हणाल्या.